बारावी कॅसेट

१

बिघडलेली माणसं डॉक्टरकडे जातात, बिघडलेले आवाज माझ्याकडे येतात. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत, सोन्याच्या दोन दुकानांच्या मध्ये अंग चोरून बसलेलं हाशिमचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या स्टुलावर मी, खंडू गमरे, राहणार तालुका खेड, अकरा वर्षं बसलोय. स्टुलाला आता माझा आकार आलाय.

१९९७ च्या रमजानातली गोष्ट. ईद चार दिवसांवर आली होती. मंगळवारी दुपारी कर्नल इलारिओ दुकानात आले आणि त्यांनी माझ्यापुढे एक कॅसेट ठेवली.

"मायेस्त्रो," ते म्हणाले, "ही मुकी झाली."

मायेस्त्रो म्हणजे त्यांच्या भाषेत कसबी माणूस. आमच्या गावात मला 'ए खंडू' म्हणतात, त्यामुळे कर्नलसाहेब मला आवडायचे. साठीचा माणूस, पांढरी मिशी, कडक इस्त्रीचा शर्ट. देश मध्य अमेरिकेतला, इतका छोटा की नकाशावर अंगठा ठेवला तर शेजारच्यासकट झाकला जातो. तिथे ते राजधानीचे पोलिसप्रमुख होते. इथे सहा वर्षं एका हॉटेलात सिक्युरिटीचे सल्लागार होते आणि गुदैबियाला माझा मित्र बासित राहतो त्याच मजल्यावर राहत होते.

बरोबर त्यांच्या देशाहून दोन दिवसांपूर्वी आलेला एक वकील होता, लिओन्सिओ नावाचा. बोलला तोच.

"या कॅसेटवर आमची निवडणूक आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "नऊ वर्षांपूर्वी बंदरावर संपकरी मजूर जमले होते. मंत्र्याने फोनवरून गोळीबाराचा हुकूम दिला आणि कर्नल 'नाही' म्हणाले. कंट्रोल रूममध्ये प्रत्येक फोन टेप व्हायचा. वायरलेसवरच्या शिपायाने ते 'नाही' कानांनी ऐकलं. तेवढ्यात त्याला बाहेर काढलं. नंतर दुसऱ्याच कुणीतरी गोळ्या चालवल्या आणि सात माणसं गेली. कर्नल ही कॅसेट खिशात घालून देशाबाहेर पडले. आता देशात नवं राज्य येतंय. गल्लीबोळात लोक यांना 'नाही म्हणणारा' म्हणतात. ही कॅसेट रेडिओवर वाजली की हे खासदार झालेच. आणि ती नसेल तर विरोधक म्हणतील, गोळ्या यांनीच घातल्या. विमानतळावरच बेड्या पडतील."

म्हणजे सरळ होतं. कॅसेट असेल तर कर्नल घरी. नसेल तर कायमचे बहरीनला.

"काल लावली तर नुसती खरखर. इथल्या उष्णतेने पुसली गेली असेल का? काही परत आणता येईल?"

मी कॅसेट मशीनला लावली, कान दिला, मग उलटसुलट करून बघितली. पिवळं लेबल, त्यावर कर्नलांचं वळणदार अक्षर. आता इथे मी गप्प बसलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण कसबी माणसाला आपलं ज्ञान पोटात ठेवता येत नाही.

"ही पुसलेली नाही," मी म्हणालो. "पुसलेल्या टेपची खरखर निराळी असते, आणि बटण दाबल्याची 'टक्' मागे राहते. हिच्यावर तीही नाही. टेप दाबून धरणारा आतला फेल्टचा तुकडाही कोरा. नऊ वर्षं वाजलेली कॅसेट ही नव्हेच. साहेब, ही कॅसेट जन्मात कधी बोललेली नाही. कुणीतरी खरी काढून ही ठेवलीय."

वकिलाचा चेहरा लाल झाला. कर्नलांनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाने पाहुण्यांसमोर घरातलं सांगून टाकल्यावर बाप पाहतो. मला वाटलं, धक्का बसला असेल.

२

"चावी कुणाकडे असते?" वकिलाने तिथल्या तिथे विचारलं.

चावी बासितच्या बायकोकडे, महमुदाभाभीकडे असायची. बासित त्याच हॉटेलात क्लार्क. भाभी कर्नलांना दोन वेळचा डबा द्यायची आणि एक दिवसाआड घर झाडून जायची. वकील म्हणाला, परवापर्यंत कॅसेट मिळाली नाही तर मी पोलिसांत तक्रार देणार.

झालं. परदेशात पोलिसांत नाव गेलं की खरंखोटं नंतर ठरतं, व्हिसा आधी जातो. माझ्या शहाणपणामुळे त्या बाईवर बालंट आलं होतं. मी कॅसेट तपासायला ठेवून घेतली आणि दोन दिवस मागितले.

ते गेल्यावर हाशिम आतून आला. हाशिम म्हणजे मालक, इथल्याच मुहर्रकचा. आमच्याशी गल्फी हिंदीत बोलतो, आम्ही त्याला अरबाब म्हणतो, म्हणजे मालक. "खंडू, सुबह जमालुद्दीन टेलिफोन किया. बारा कॅसेट सब दे दिया, खलास."

"ग्यारा, अरबाब."

"बारा बोला."

मी वाद घातला नाही. ईदसाठी दापोलीचा जमालुद्दीन शुक्रवारी गावी गेला होता. आमच्याकडची रीत अशी, की जाणाऱ्याची बॅग त्याची एकट्याची नसते. प्रत्येकाचं पुडकं त्यात जातं आणि आत काय आहे ते त्याने विचारायचं नसतं. त्यात सगळ्यात जास्त असतात बोलक्या चिठ्ठ्या. अर्ध्या आयांना वाचता येत नाही, म्हणून पोरं माझ्या दुकानात मागच्या खोलीत बसून कॅसेटमध्ये बोलतात. बाहेर रडू न येणारे बाप्ये आत जाऊन मशीनसमोर रडतात. बोलून झालं की पहिल्या बाजूचा पाठीवरचा प्लॅस्टिकचा छोटा दात मी स्क्रूड्रायव्हरने मोडतो, म्हणजे त्या बाजूवर कुणाला चुकून दुसरं काही भरता येत नाही. जबाब मागच्या बाजूवर भरून येतो. यंदा मी अकरा दात मोडले होते. हाशिमला मोजता येत नाही, असं मी ठरवलं.

माझी स्वतःची कॅसेट मात्र त्यात नव्हती. शेवंती, माझी बायको, खेडला. मुलगी श्रावस्ती सहा वर्षांची, तिला मी सगळे मिळून अडीच महिने पाहिलंय. लोकांचे आवाज दुरुस्त करणाऱ्याला स्वतः काय बोलावं ते सुचत नाही. हे आपलं उगाच सांगितलं.

मी पिवळं लेबल ओल्या बोटाने हलकेच उचललं. ते गोंदाने चिकटवलेलं नव्हतं. खाली एक बारीक उंचवटा होता, तो नखाने दाबला तर चिरडला. मी वास घेतला.

शिजलेला भात.

पाकीट असो, पतंग असो, शाळेची वही असो, भाताच्या शितांनी चिकटवणारी माणसं आमचीच. त्या मजल्यावर आमचं घर एकच होतं.

३

बुधवारी सकाळी मी गुदैबियाला गेलो. शिताबद्दल वकिलाला एक अक्षर बोललो नव्हतो. न्याय मला हवाच असतो, पण भाभीच्या हातची बिर्याणीही मी अकरा वर्षं खाल्लीय.

बासित ड्यूटीला निघत होता. घाबरला होता. "खंडूभाव, मी त्यांच्या कॅसेटीला हात कशाला लावू? उलट मीच त्यांचा सगळा जीवनवृत्तांत टाइप करून दिला. निवडणुकीला लागतो ना."

"काय काय आहे त्यात?"

"सगळा. बाप मासेमारी करायचा. सतराव्या वर्षी शिपाई झाले, लाकडी खोक्यावर उभे राहून ट्रॅफिकला हात दाखवायचे. मग फौजदार. एकदा बँक लुटणाऱ्याला लग्नाच्या वरातीत वाजवणारा बनून पकडला. चव्वेचाळिसाव्या वर्षी राजधानीचे प्रमुख. असे धडाधड सांगायचे, मना टाइप करायला जमायचा नाय. फक्त बंदराच्या पानावर अडले."

"म्हणजे?"

"'त्या दिवशी मी नाही म्हणालो.' एवढा एकच वाक्य. तीन वेळा टाइप केला, तीन वेळा पान फाडायला लावला. शेवटी म्हणाले, ही जागा कोरी ठेव, नंतर भरू."

मी विचारलं, "पाकिटं कशाने चिकटवतोस?"

"भातान. इथल्या दमट हवेत गोंद कुठं टिकतो? कर्नलसाहेबांना पन मीच शिकवला. त्यांना लय मजा वाटली."

एवढं बोलून तो पळाला. मी जिन्यात उभा राहिलो. म्हणजे शितं तिघांच्या हातात होती, आणि तिसरा हात मला मोजायचा नव्हता. ज्याचं चोरीला गेलं तोच चोर, हे गोष्टीत ठीक असतं.

भाभी रोज्यात होती आणि संतापलेली होती. मी लेबलाचा तुकडा कागदात गुंडाळून आणला होता, तो तिच्यासमोर उलगडला. तिने एक नजर टाकली.

"हा माजा भात नाय."

"भाभी, शितावर नाव लिहिलेलं असतं का?"

"रंग बघा ना. जांभळा हाय का नाय? माजा भात पांढरा. हा शुक्रवारचा. शुक्रवारी माजी सुट्टी. त्या दिवशी ते आपल्या हातानं काला घेवडा टाकून भात करतात, त्यांच्या गावासारखा. काला रंग उतरतो त्याच्यात. मी शनिवारी पातेला घासते, मना नाय ठाव?"

मी पुन्हा बघितलं. शीत खरंच जांभळट होतं. मी टेपचे रंग ओळखतो, भाताचे नाही.

"शुक्रवारी त्यांच्याकडे कोण येतं?"

"कोन नाय. ह्या शुक्रवारी तर दार पन नाय उघडला. फक्त जमालभायला सोडायला खाली आलते."

मी निघणार, तेवढ्यात ती दारात थांबली. राग उतरला होता. "खंडूभाव, ती कॅसेट ते आठवड्यातून एकदा तरी लावायचे. एक मानूस वरडतो. मग हे बोलतात, 'नो, सेन्योर. नो.' की टक्, बंद. नेहमी तिथंच बंद. मग उठून बाल्कनीतल्या तुळशीसारख्या झाडाला पानी घालतात. एकदा मी झाडू मारत होते, त्यांना फोन आला, ते बाल्कनीत गेले नि कॅसेट चालूच राह्यली."

"मग?"

"लय टाइम कायच नाय. मना वाटला संपली. आनि मग त्यांचाच आवाज आला."

"काय म्हणाले?"

भाभीने खिडकीबाहेर पाहिलं. "ते हॉटेलच्या मोठ्या साहेबाला, त्यांच्याच भाषेतल्या, फोनवर बोलतात ना, 'हो साहेब, करतो' बोलायला, तेच दोन शब्द. 'सी, सेन्योर.' मग ते धावत आले नि बंद केला. त्या दिवशी जेवले नाय."

४

गुरुवारी दुपारी मी कर्नलांच्या दारावर थाप मारली. वकील हॉटेलात झोपला होता. कर्नलांनी कॉफी ठेवली. बाल्कनीत तुळशीसारखं झाड होतं, भिंतीवर काहीच नव्हतं. सहा वर्षं राहून भिंतीवर एक खिळा न ठोकणारा माणूस रोज उद्या निघायचंय असंच समजून राहत असतो. माझ्या खोलीतही खिळा नाही.

"सापडला चोर?" त्यांनी विचारलं.

"साहेब, मला आधी एक सांगा. तुम्ही आयुष्यभर चोर पकडले. तुमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू गेली आणि तुम्ही एकाही माणसाला विचारलं नाही, तू कुठे होतास. महमुदाभाभीला नाही, बासितला नाही, मला नाही. का?"

ते हसले, पण नुसते ओठांनी.

मी एकेक ठेवत गेलो. "दोन वर्षांपूर्वी मी म्हणालो, कॅसेट एकच आहे, मी फुकट कॉपी काढून देतो. तुम्ही नको म्हणालात. मला नवल वाटलं होतं. लेबल चिकटवलंय ते शुक्रवारच्या भाताने, घेवड्याच्या. तो भात तुम्ही करता, तुम्हीच खाता. शुक्रवारी तुमच्याकडे कोणी आलं नाही. तुम्ही खाली उतरलात ते जमालुद्दीनला निरोप द्यायला. आणि मी अकरा कॅसेटी भरल्या होत्या, पोचल्या बारा. आमच्या अरबाबला मोजता येतं, चूक माझी."

कॉफी उतू गेली. त्यांनी उठून गॅस बंद केला आणि पाठमोरे उभे राहिले.

"शुक्रवारी सकाळी पक्षाची तार आली, वकील निघाला म्हणून," ते म्हणाले. "मायेस्त्रो, मला घरी जायचंय. नऊ वर्षं मी आमच्या बंदराचा वास आठवतोय. कुजलेली केळी, डिझेल आणि पावसाने भिजलेली पोती. घाणच ती. पण मला ती हवीय. इतकी हवी, की मी ती पहिली चार मिनिटं रेडिओवर वाजवली असती, तिथेच थांबवली असती आणि खासदार होऊन मेलो असतो. माझा हात तसा आहे. मला माझा हात माहीत आहे. म्हणून म्हटलं, कॅसेट हाताला लागेल तिथे ठेवायची नाही."

"जाळायची होती."

"सात माणसांच्या मरणाचा तो एकच कागद आहे. जाळतात का?" ते वळले. "मी 'नाही' म्हणालो हे खरं आहे. मग मंत्री म्हणाला, तुझी खुर्ची उद्या दुसऱ्याला. मी गप्प बसलो. किती वेळ, माहीत आहे? दोन मिनिटं आणि दहा सेकंद. नऊ वर्षं मी त्या दोन मिनिटांत उभा आहे. मग मी 'हो' म्हणालो. फक्त तो शिपाई तोवर बाहेर गेला होता."

खाली रस्त्यावर समोशाच्या कढया लागत होत्या.

"कोरी कॅसेट ठेवली, म्हणजे उष्णतेने गेली असं वाटेल, कुणावर आळ येणार नाही," ते म्हणाले. "तू इतका हुशार असशील हे धरलं नव्हतं. मी वकिलाला सांगतो, माझ्याकडून हरवली. त्या बाईचं नाव निघणार नाही."

"पण पाठवली कुणाला?"

आता ते पहिल्यांदा ओशाळले. "बासितच्या आईला. दर शुक्रवारी बासित बाल्कनीत तिची कॅसेट लावतो. मागे कोंबड्या असतात, समुद्र असतो. मला एक शब्द कळत नाही. पण ती बोलायला लागली की मी खुर्ची पुढे ओढतो. मी देश सोडला त्या साली माझी आई गेली. मला एका तरी आईला ते ऐकवायचं होतं. तिला स्पॅनिश येत नाही, म्हणूनच तिला ऐकवायचं धाडस झालं."

मला गलबलून आलं, आणि दुसऱ्याच क्षणी मी ताडकन उठलो.

"साहेब, त्या कॅसेटच्या पाठीवरचे दात मोडलेले होते का?"

"दात?"

"आमच्याकडे कॅसेट रिकामी परत येत नाही! ऐकली की त्याच कॅसेटवर जबाब भरतात!"

५

बासितच्या वाडीत फोन एकच, नाक्यावरच्या एसटीडी बूथवर. आधी फोन करून निरोप द्यायचा, मग वीस मिनिटांनी पुन्हा करायचा. त्या वीस मिनिटांत कर्नल, बासित आणि मी टेलिफोनच्या केबिनबाहेर उभे होतो. वकिलाला कर्नलांनी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "अजूनही मिळवा. पहिली चार मिनिटं पुरेत. उमेदवारांची यादी मार्चअखेर बंद होते." वकिलांना चार मिनिटं नेहमीच पुरतात.

बासितची आई, अख्तरुन्निसा, लाइनवर आली. बासितने विषय काढायच्या आत तिने त्याला झापलं असावं, कारण तो आधी 'धरतो, आये, सगले रोजे धरतो' एवढंच म्हणाला. मग तो ओरडून म्हणाला, "आये, ती परक्या मानसाची कॅसेट! तिच्यावर काय भरू नको!"

पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. बासितचा चेहरा दिसत होता. त्याने फोन ठेवला.

"कवाच भरला जबाब. ज्या रात्री मिळाली त्याच्या सकाळीच. जमालभायच्या हाती दिलाय."

"कुठल्या बाजूवर?" मी विचारलं.

"तिला काय ठाव? जी वर होती त्या बाजूवर."

कर्नलांनी मान हलवली. रागावले नाहीत. "तिने उत्तर दिलं?" एवढंच विचारलं त्यांनी. "मला?"

६

वकील ईदच्या आदल्या दिवशी गेला. जमालुद्दीन मार्चच्या मध्यावर आला. सहा आठवडे कर्नल रोज संध्याकाळी दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे, काही विचारायचे नाहीत. मीही सांगायचो नाही. वाट बघण्यात आमचा हात धरणारं कोणी नाही. बहरीनमध्ये आम्ही दुसरं काय केलं?

कॅसेट आली ती हळदकुंकवाच्या डबीएवढ्या गाठोड्यात, फडक्यात शिवलेली. सोबत कोकमं होती. दुकानात कर्नल, बासित, भाभी आणि मी. हाशिमने दाराला पाटी लावली. मी बटण दाबलं.

कोंबड्या. समुद्र. पहिलीच बाजू होती. ज्या चार मिनिटांवर एक निवडणूक उभी होती, तिथे आता अख्तरुन्निसा बोलत होती. मी वाक्यावाक्याला थांबवून कर्नलांना इंग्रजीत सांगत गेलो.

"बाबा, तुजा नाव मना ठाव नाय. जमाल बोलला, बासितच्या शेजारचा हाय, पोलीस व्हता. तू काय बोलतंस ता मना समजला नाय. पन आमी सगली बसून आयकला. कोन तरी तुज्यावर वरडत व्हता. तू नको नको बोललास. मग लय टाइम गप. माजी धाकली सून बोलली, संपली कॅसेट. मी बोलले, नाय, थांब. पोरगा असा गप राहतो तवा त्याच्या मनात काय चाललेला असता ता आयला समजता. आनि मग तू जा काय बोललास ना बाबा, बासितनं लहानपनी आंब्याची चोरी कबूल केलती, तवा त्याचा आवाज असाच झालता."

बासितने खाली मान घातली. मी पुढे चालवलं.

"काय केलास ता मी विचारत नाय. पन मना कशाला सांगतंस? मी कोन? ज्यांना सांगायचा त्यांना सांग. मशिनीत बोलून काय होता? तुजी आय असंल तर तिच्याकडं जा. नसंल तर तिच्या कबरीवर जा. पन घरी जा. आयकतंस का? घरी जा, बाबा."

मी तिथे बटण दाबायला विसरलो. तिचा आवाज संपला, नुसत्या कोंबड्या आणि समुद्र बराच वेळ वाजत राहिले, मग एक टक् झाली आणि टेप पुढे सरकली. तिने 'नाही' पुसलं होतं. ती दोन मिनिटं दहा सेकंदांची शांतताही जवळजवळ सगळी पुसली होती. लगेच, एक श्वास घेण्याइतक्या अंतराने, नऊ वर्षांपूर्वीच्या कर्नल इलारिओंचा आवाज आला.

"सी, सेन्योर."

मग मंत्र्याचा फोन ठेवल्याचा आवाज झाला आणि खरखर सुरू झाली.

कर्नलांनी रुमाल काढला नाही. डोळ्यांतलं तसंच गालावरून मिशीत गेलं. "आता खासदारकी मिटली," ते म्हणाले. "उरलं ते नेमकं खरं." मग कॅसेट माझ्यापुढे सरकवली. "मायेस्त्रो, नवं राज्य त्या सात मरणांची चौकशी करणार आहे, त्या आयोगासमोर मी ही ठेवणार. वाटेत कुठे माझा हात बटणावर गेला तर?"

मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पाठीवरचे दोन्ही दात मोडले. आता तिच्यावर कुणालाच काही भरता येणार नव्हतं.

शनिवारी ते निघाले. तिकडे उतरल्यावर हार पडणार नव्हते, हे त्यांना माहीत होतं. तरी चेहरा असा होता, जसा आमच्या पोरांचा लीव्ह मंजूर झाल्यावर होतो. मला त्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आदल्या दिवशी मी मागच्या खोलीत बसून शेवंतीला कॅसेट भरली होती. अर्धा तास बोललो. त्यात निम्मा वेळ गप्प होतो, पण ती थांबून ऐकेल असं आता वाटत होतं.

बॅग भरल्यावर कर्नल रीतीप्रमाणे जिन्यात उभे राहिले आणि बासितकडून पाठ करून घेतलेलं वाक्य मोडक्या मराठीत म्हणाले, "घरी चाललो. कुणाचं काही न्यायचंय?"

आम्ही हसलो. पृथ्वीच्या त्या टोकाला आमचं कोण असणार?

महमुदाभाभी आत गेली आणि खजुराचे पुडे घेऊन आली. तिने ते एकेक करून त्यांच्या बॅगेत ठेवले. सात होते.

जाणाऱ्याने काय आहे ते विचारायचं नसतं. त्यांनीही विचारलं नाही, फक्त कपडे दाबून पुड्यांना जागा केली.